मोटारीचा पहिला घास

हेमगिरी संस्थानात एकदा अगदी नव्या जातीची मोटार आली. पसंत पडली, तर सरकार उद्याच राणीसाहेब आणि तान्ह्या युवराजांना घेऊन तिच्यातून घाट उतरणार होते. ड्रायव्हर बाबालालला मात्र धास्ती होती. पहिल्या सालच्या गाडीच्या खोडी चालवणाऱ्यालाच सापडतात, आणि घाटात सापडल्या तर सांगायला कुणी उरत नाही.

पण गाडी आणली होती दिवाण त्र्यंबकरावांनी. त्यांनी बाबालालला आधीच दम भरला होता, "गाडीबद्दल वाकडा शब्द काढलास, तर जन्मभर पागेत लीद उपसशील."

भर दरबारात सरकारांनी विचारलं, "बाबालाल, घ्यायची का गाडी?"

दिवाणांची नजर बाबालालवर रोखलेली. त्यानं हात जोडले.

"गाडी देखणी हाय, सरकार. पण रिवाज राहिला. आपल्यापुढं ताट येतं, तवा पहिला घास कोण खातं?"

"जो ताट आणतो तो."

"मग उद्या दिवाणसाहेबांनी बाईसाहेबांना, लेकरांना घेऊन घाट उतरावा. गाडी मी चालवतो."

"वाजवी आहे," सरकार म्हणाले. "दिवाणजी, सकाळी निघा."

दिवाण घाईघाईनं पुढे झाले. "सरकार, पहिल्या सालची गाडी ही. वर्षभर लोकांनी चालवल्याशिवाय भरवसा कसा धरावा? लेकरंबाळं घेऊन घाटात..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, पण उशीर झाला होता. सरकारांनी जुनी गाडी काढायला सांगितली.

जाता जाता बाबालाल अदबीनं दिवाणांपाशी वाकला. "साहेब, वाकडा शब्द मी न्हाई काढला."