फांदीवरचे गुरुजी

मुलांनो, डोंगराआडच्या एका जंगलात सशिणीचे बिऱ्हाड होते. तिच्या पिल्लाला जन्मापासून ऐकू येत नसे. तिथल्या शाळेत पोपट गुरुजी होता. उंबराच्या उंच फांदीवर बसून तो शिकवी, ससाणा आला तर कोणती हाक मारायची, कोल्हा आला तर कोणती. ज्याला हाका येतील त्यालाच कुरणात चरायची परवानगी मिळे. सशिणीचे पिल्लू नापास झाले. कुरणाच्या कडेला ते वाळके गवत चघळत बसे. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या.

मग सशिणीने त्याला घरीच शिकवले. एकदा पाय आपटला तर ससाणा, दोनदा आपटला तर कोल्हा. जमिनीचा हादरा पिल्लाला बरोबर कळे. दोन दिवसांत ते तयार झाले. ती धावतच शाळेत गेली.

"गुरुजी, जरा खाली या. हाकेबरोबर मुलांना पायही आपटायला शिकवा."

"एकासाठी मी खाली उतरू?" पोपट म्हणाला. "नियम सगळ्यांना सारखा, बाई. आणि तुमच्या पिल्लाचं लक्षच नसतं."

"लक्ष नसतं? दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघून बघून त्याचे डोळे दुखतात!"

पोपटाने मान फिरवली. सशिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. कान असणाऱ्यांसाठी केलेला नियम, आणि म्हणे सगळ्यांना सारखा!

एके दुपारी पिकलेली उंबरे खाली पडली, तेव्हा मात्र गुरुजी लगबगीने जमिनीवर उतरले. झुडपातला कोल्हा फक्त कडेला बसलेल्या पिल्लाला दिसला. त्याने जिवाच्या आकांताने दोनदा पाय आपटला. बाकीची पिल्ले फिदीफिदी हसली. ती खूण त्यांना कोणी शिकवलीच नव्हती.

"कोल्हा! पळा!" तो हादरा ओळखून सशीण किंचाळली. सगळे पांगले. कोल्ह्याच्या तोंडी पोपटाची शेपटी तेवढी लागली.

दुसऱ्या दिवशी पोपट सर्वांसमोर म्हणाला, "याने माझा जीव वाचवला. आजपासून मी याला शिकवणार."

सगळ्यांनी वाहवा केली. सशीण मात्र आणखीच भडकली. "आणि वाचवला नसता तर? तर उपाशीच ठेवणार होतात? ते शिकायला आलेलं पिल्लू आहे, एवढं कारण पुरत नव्हतं तुम्हाला?"

पोपट फांदीवरून खाली उतरला आणि पिल्लासमोर बसला.

तात्पर्य : प्रत्येक मुलाला समजेल असे शिकवणे हे शिक्षकाचे कामच आहे, उपकार नव्हे, त्यासाठी शिक्षकाने मुलाच्या पराक्रमाची वाट पाहू नये.