कणीक लावलेली बोटं

वैशाखातली ती दुपार फार तापली होती. वारा पडला होता, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि ओलं काही ठेवावं तर बघता बघता वाळून जात होतं. अशा उन्हात एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. गुरू पखवाज शिकवीत. सगळी पेठ त्यांना बुवा म्हणे. बुवा ओसरीवर बसून पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावत होते. ती लावल्याशिवाय त्या बाजूला घुमारा येत नाही.

शिष्याने खिशातून एक मोठा, चकचकीत मोबाइल काढून पुढे ठेवला.

"हा तुम्ही वापरा, बुवा."

"कुणाचा रे?"

"अण्णांचा. नावालाच त्यांचा. वरचा प्लास्टिकचा पापुद्रासुद्धा निघालेला नाही."

अण्णा म्हणजे शिष्याचे वडील. गावाकडे जन्मभर चुन्याच्या भट्टीवर राबले आणि माघात गेले. शिष्य मात्र शहरात मोबाइलमधला जाणता समजला जाई. कुणाला फोन घ्यायचा असला की आधी त्याचं मत विचारत. वडिलांसाठी त्याने मोठ्या अभिमानाने निवड केली होती: कॅमेरा उत्तम, पडदा मोठा, बॅटरी टिकाऊ. त्यांचा जुना बटणांचा फोन त्याने दुकानातच देऊन टाकला होता.

"एकदाही उचलला नाही त्यांनी, बुवा. किती रिंगा दिल्या! शेंबडी पोरं वापरतात, आणि यांना नुसतं बोट सरकवायला जमेना? मग मीही फोन करणं सोडलं. म्हटलं, ठेवा तुमचा ताठा तुमच्यापाशी. शेवटचं बोलणं राहिलं ते राहिलंच."

बुवांनी शिष्याचे हात ओढून घेतले आणि दहाही बोटांच्या टोकांना कणीक थापली.

"बुवा, मी काय पखवाज आहे?"

"गप्प बस. वाळू दे."

कणीक वाळून तडकली, तेव्हा बुवांनी आपला छोटा बटणांचा फोन काढला.

"अण्णांचा नंबर सांग."

पुढ्यातला मोबाइल वाजू लागला.

"उचल."

शिष्याने काचेवर बोट सरकवलं. मग दुसरं. मग अंगठा घासून पाहिला. काच ढिम्म. फोन वाजून वाजून थांबला. बुवांनी पुन्हा लावला. या वेळी शिष्याने हातच लावला नाही. तो आपल्या पांढुरक्या, कोरड्या, भेगाळलेल्या बोटांकडे बघत राहिला. असे हात त्याने लहानपणापासून पाहिले होते.

बुवा हळूच म्हणाले, "पखवाज घ्यायला जातो तेव्हा वाजवणाऱ्याला सोबत नेतो आपण. त्याचा हात त्यावर पडल्याशिवाय घेत नाही. तू फोनची सारी माहिती काढलीस, बाळा. ज्या हातात द्यायचा, तो हात तेवढा पाहिला नाहीस. चुन्यात राहून कोरडं पडलेलं बोट या काचेला कळलंच नसेल रे."

"मग त्यांनी मला सांगितलं का नाही?"

"ते मला कसं ठाऊक? त्यांच्या दारी जाऊन विचार."

संध्याकाळच्या एसटीने शिष्य गावी पोचला. घराला कुलूप होतं. कुंपणापलीकडे शेजारच्या पुतळाकाकू अंगणातलं वाळवण गोळा करत होत्या. त्याच्या हातातला मोबाइल त्यांनी ओळखला. त्याने तोच प्रश्न त्यांना विचारला. काकूंनी सूप खाली ठेवलं आणि त्या म्हणाल्या,

"तुझा फोन वाजला की अण्णा तो दोन्ही हातांत धरून या कुंपणापाशी यायचे. मी पिठाचे हात धुऊन येईस्तोवर वाजणं थांबलेलं असायचं. 'लावून देऊ का?' म्हटलं तर म्हणायचे, 'नको, कामात असेल. एवढ्या हौसेनं घेतलाय. माझं बोट चालत नाही म्हटलं तर हिरमुसेल पोरगं. त्यानं आठवण काढली, तेवढं कळलं.' मग तो वाजायचाच थांबला. तरी रोज घेऊन यायचे माझ्याकडे. म्हणायचे, 'बघ गं जरा, बिघडला तर नाही ना?'"