ठकूचा तरवड

फार वर्षांपूर्वी, कुसवड्याच्या माळावर गवताची काडी उगवली तरी लोक बघायला जायचे, त्या काळची ही गोष्ट. माळाच्या पायथ्याला गावाचं एकच तळं होतं, आणि गावाबाहेर कातडी कमावणाऱ्यांची आळी. ठकू त्या आळीतली. कातडं कमवायला तरवडाची साल लागते, आणि त्याआधी माळ पिवळ्या फुलांच्या तरवडानं भरलेला होता. आळीनं साल काढली. काढता काढता एक झुडूप शिल्लक ठेवलं नाही.

मग दोन वर्षं पाऊस रुसला. तिसऱ्या वर्षी आला तो एकाच दिवशी, सासऱ्यासारखा तणतणत. माळाची उघडी माती वाहून आली आणि अर्धं तळं बुजलं. रंगोजी पाटलांनी सांगून टाकलं, "आणखी एकदा असा गाळ आला की गाव उठलं."

ठकूच्या काळजात ते रुतलं. साल सोलणारे हात तिचेही होते. ती सात डोंगर पालथे घालून तरवडाच्या शेंगा घेऊन आली, असं म्हणतात. बी दगडासारखं कठीण. तिनं ते कढत पाण्यातून काढलं, रात्रभर भिजवलं आणि खडकाच्या फटीफटीत पेरलं. चार थेंब पडले तेवढ्यावर कोंब आले.

गावातल्या बायकांना केवढी माया आली! घोटभर पाण्यात दिवस काढणाऱ्या त्या बायका, पण रोज आपल्या वाट्याचं पाणी चोरून कोंबांना घालू लागल्या. महिन्याभरात सगळे कोंब मुळाशी कुजले.

"लाडानं मारलंत की बायांनो," ठकू म्हणाली. तिला रडू आलं आणि रागही आला. "याला उघडं ऊन द्या, मुरमाड जागा द्या, आणि नशिबावर सोडा. पाणी तुम्हीच प्या."

पुढच्या वर्षी तिनं पुन्हा पेरलं, आणि या खेपेला काठी घेऊन राखणीला बसली. शेळ्यांची भीती नव्हती, शेळी तरवडाला तोंड लावत नाही. तिला हाकलायची होती ती घागर घेऊन येणारी माणसं. रोपाला पाणी नाही तर मलाही नाही, म्हणून दिवस मावळेपर्यंत ती पाण्याला शिवायची नाही. अशी तीन वर्षं गेली. तिच्या टाचांना साल आली, आणि माळाला कान लावला की मुळं खडक फोडताना ऐकू यायची, असं म्हणतात. चौथ्या वर्षी आभाळात ढग नव्हता, तरी अख्खा माळ पिवळा झाला.

आणि मग ज्येष्ठात आभाळ काळंकुट्ट झालं. पाटलांनी गाड्या जुंपल्या, भांडीकुंडी चढली. "ठकू, चल गं पोरी," त्यांनी खालून हाक दिली.

"माती थांबली का बघते, पाटील. मग येते."

पाऊस कोसळला. गाव गाड्यांखाली अंग चोरून बसलं, डोळे ओढ्याकडे. पाणी आलं, धावत आलं, पण तळातला खडा न् खडा मोजावा इतकं नितळ आलं. पाटील भिजत ओढ्यात उतरले आणि ओंजळ तोंडाला लावली. नंतर त्यांनी स्वतःच्या हातानं बैल सोडले.

तोवर त्या आळीला तळ्याची पायरी उतरायची मुभा नव्हती. वरून कुणी ओतेल तेवढंच पाणी त्यांचं. पाटलांनी आपल्या घरची घागर ठकूच्या हातात दिली. म्हणाले, "आधी तू भर."

ठकू गेली त्याला किती पिढ्या झाल्या, कुणी सांगू शकत नाही. तरवड अजून आहे. एका झुडपाची एकच फांदी सोलायची, हा आळीचा कायदा आजही कुणी मोडत नाही. आणि तळं भरलं की कुसवड्याच्या बायका, पाटलाच्या सुनांसकट, रिकाम्या घागरी घेऊन काठावर उभ्या राहतात. ठकूच्या आळीतली बाई येते, सावकाश पायऱ्या उतरते, पहिली घागर भरते. तिला कुणी घाई करत नाही.