गणकरावाच्या पोटातील अक्षता

यंत्रांना वाचा होती त्या काळी गणकराव विनायक टिपरे, वय वर्षे तेरा, हा संगणक टिपऱ्यांच्या घरी मोठ्या मानाने नांदत होता. दर दसऱ्याला त्याच्या डोक्यावरच्या जाळीवर हळदकुंकू, अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्या पडत.

पुढे तो तापून वारंवार बंद पडू लागला. घरमालक विनायकराव म्हणाले, "नवा परवडणार नाही. दुरुस्त झाला तर ठीक, नाहीतर भंगारात."

गणकराव पोटातल्या पंख्यावर गरजला, "तुझ्या कुरकुरीपायी माझी ही गत!"

"दादा, माझा श्वास कोंडलाय हो. वरून सारखं काहीतरी पडतं."

"वरून पडतो तो माझा मान! तुला काय त्याचं?"

दुरुस्तीला बोलावलेल्या कारागिराने झाकण उघडले आणि सगळे आत वाकून पाहू लागले. पंख्याच्या पात्यांत तेरा दसऱ्यांच्या अक्षता, कुंकवाचे थर आणि वाळक्या पाकळ्या गच्च बसल्या होत्या.

"अहो काका, हा संगणक की देव्हारा?" कारागीर ओरडला.

गणकरावाने पंख्याकडे पाहिले. माझाच मान गिळत हा बापडा तेरा वर्षे फिरत होता!

पंखा स्वच्छ झाला, तापून बिघडलेली मेमरी तेवढी नवी बसवली. तेव्हापासून टिपऱ्यांकडे दसऱ्याचे फूल संगणकावर नव्हे, शेजारी टेबलावर ठेवतात.