वाकणपाड्याच्या मॉलमधली सोमवारची भवानी

त्या दिवशी खाडीवरून वैशाखाचा वारा सुटला होता, असे सांगतात. धूळ, सुका पाला, मंडपाचे कापड, सकाळपासून सगळे नुसते फडफडत होते. तुम्ही आत्ता नाक मुरडलेत ना, या काचेच्या मॉलमध्ये सुकटीचा वास कसा म्हणून? दर सोमवारी येतो. त्याची हकिगत त्या वाऱ्याच्या दिवसाची.

मॉलच्या आधी ही मोकळी जागा होती जोमा म्हात्र्याची, आणि तिच्यावर सोमवारचा बाजार भरायचा. जागा विकताना जोमाने गावदेवीसमोर नारळावर हात ठेवून बाजारातल्या बायांना शब्द दिला होता, की बाजार उठणार नाही. विकत घेणारा शेठही तेव्हा हो म्हणाला होता. मॉल झाला, आणि बाजार गेला पत्र्याच्या कुंपणाबाहेर.

उद्घाटनाला पहिली खरेदी, म्हणजे भवानी, जोमाच्या हातून व्हायची होती. जुन्या मालकाचा मान. तोवर एकही दुकानदार काही विकणार नव्हता. जोमा शाल पांघरून आला खरा, पण त्याचा पाय एका जागी ठरेना. कुंपणाबाहेर त्याची शेजारीण हिराबाई सुकटीची पाटी घेऊन उन्हात बसली होती. शेवटी तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“हिराबाय, एक वाटा दे.”

“तुजे हातची भवानी मना नको. शाल सांभाल, वाऱ्यानं उडंल!”

बाकीच्या बाया फिदीफिदी हसल्या.

आणि म्हणे, त्याच घडीला मॉलचा आपोआप उघडणारा दरवाजा बिथरला. समोर कुणी नाही, तरी उघडतोय, मिटतोय, उघडतोय. कारागीर खटपट करून थकले. कुणी म्हणतात, वारा. जुनी माणसे म्हणतात, गावदेवी आपला बाजार शोधत आत-बाहेर करत होती.

जोमाने शाल काढली, तिची चुंबळ केली, पाटी डोक्यावर घेतली आणि चालू लागला.

“आरं जोमा, माजी पाटी! खं चाललास?” हिराबाई मागे धावली, आणि तिच्यामागे सगळा बाजार.

आत कारंज्याजवळ, चकचकीत फरशीवर त्याने पाटी उतरवली आणि खणखणीत आरोळी दिली, “सुकट घ्या, सुकट!”

शेठ धावत आला. “म्हात्रेसाहेब, अहो, पाहुणे बसलेत!”

“बसूं दे. पैली भवानी हिची. ती झाल्याबिगर मी तुमच्या दुकानात हात घालनार नाय.”

दुकानदार शेठकडे बघू लागले. दरवाजा तर थांबेचना. जन्मात मासळीला न शिवलेल्या शेठने नाकाला रुमाल लावला आणि एक वाटा घेतला. हिराबाईने नोट कपाळाला लावली, आणि असे सांगतात, दरवाजा तेव्हा कुठे निवांत मिटला.

त्यानंतर बाजार बाहेर काढायचे नाव शेठने काढले नाही. आजही सोमवारी इथे कारंज्याभोवती बाजार बसतो. टॉवरमधल्या बाया आणि पाड्यातल्या बाया एकाच पाटीवर वाकून घासाघीस करतात. सुकटीचा पहिला वाटा विकला जाईपर्यंत दुकानांची शटरे अर्ध्यावर थांबतात.

जोमाला मात्र त्या दिवशी घरी गेल्यावरही चैन पडेना. बाजार राहिला, पण जागा गेलीच होती. दिवेलागणीला तो अंगणात येरझाऱ्या घालत होता. शेजारच्या अंगणातून हिराबाईने हाक मारली, “नुसता भवरा झालाय तुजा. जागा गेली ती गेली. ये, जेवाला बस.”