चाळीस गाड्यांची ओळ

नदीकाठच्या एका गावात बारा सुतार होते. बैलगाड्या करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण खाक्या सगळ्यांचा एकच: आपली गाडी आपणच करायची, दुसऱ्याला तिला रंधाही लावू द्यायचा नाही. त्यांत हैबती सर्वांत म्हातारा. त्याची गाडी सगळ्यांत देखणी, आणि तोरा गाडीहून मोठा.

एके दिवशी राजाचा कारभारी आला. म्हणाला, "डोंगरापलीकडे दुष्काळ पडलाय. कोठारात धान्य आहे, पण न्यायला गाड्या नाहीत. महिन्याभरात चाळीस गाड्या द्या, नाहीतर तिकडची माणसं उपाशी मरतील."

सुतारांनी बोटांवर हिशेब केला. एका सुताराला एका गाडीला पंधरा दिवस लागत. महिन्यात बारा जणांच्या चोवीसच गाड्या झाल्या असत्या.

हैबतीची सून येसू भाकरी घेऊन आली होती. ती म्हणाली, "मामंजी, गावजेवणाला आम्ही दोन हजार पुरणपोळ्या करतो. एकीनं मळायचं, एकीनं भरायचं, एकीनं लाटायचं, एकीनं भाजायचं. एकटीच सगळं करायला बसली तर पंगत उठून जाईल."

आता बारा मिशाळ सुतारांना पोळीचा धडा द्यायचा म्हणजे बाईची हिंमतच म्हणायची! पण दुसरा उपाय होता कोणाकडे? सगळे एका ओळीत बसले. एकानं चाकाचे आरे तासायचे, दुसऱ्यानं ते बसवायचे, तिसऱ्यानं वरून लोखंडी धाव चढवायची. गाडी पुढे सरकायची, माणूस जागचा हलायचा नाही. मापाला सगळ्यांना एकसारख्या काठ्या दिल्या. चाकाच्या मधल्या तुंब्याला आसासाठी छिद्र पाडायचं काम हैबतीकडे आलं. त्यानं काठी बाजूला टाकली. "मला माप? मग माझी नजर कशाला आहे?"

काम असं सुटलं की बघणारा बघतच राही. दहा दिवसांत सोळा गाड्या उभ्या राहिल्या.

अकराव्या दिवशी हैबतीनं सहज काठी लावून पाहिली. छिद्र मोठं झालं होतं. मागच्या सगळ्या गाड्यांची तपासली, तर शेवटच्या सहांची तशीच मोठी. अशी चाकं घाटात निखळणार आणि धान्य दरीत जाणार. हे अजून कोणाला कळलं नव्हतं. गप्प बसला असता तर त्याची अब्रू शाबूत राहिली असती.

पण म्हाताऱ्यानं काठी उचलली. मग तो ओळीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. "थांबा रे सगळे. चूक माझी आहे. सहा गाड्यांचे तुंबे बदलावे लागतील."

ओळीतला कोंडिबा सुतार उठला. हैबतीशी त्याचं वीस वर्षं वाकडं होतं. तो म्हणाला, "हैबतीदादा, तू नवे तुंबे कर. चाकं आम्ही उतरवतो."

तीन दिवस सगळे त्यातच गेले. पण तेव्हापासून नियमच झाला: चूक दिसेल त्यानं ओळ थांबवायची, आणि त्याच्यावर कोणी डोळे वटारायचे नाहीत. अठ्ठाविसाव्या दिवशी चाळिसावी गाडी बाहेर पडली. अख्खा गाव ढोल वाजवत वेशीपर्यंत गेला. चाळीसही गाड्या घाट चढल्या, घाट उतरल्या, एकाही चाकानं दगा दिला नाही. पलीकडे घरोघरी चुली पेटल्या.

कारभारी सोन्याचं कडं घेऊन परत आला. "तुमच्यातला सर्वांत मोठा कारागीर कोण?"

कोंडिबानं हैबतीला पुढे ढकललं. "हा घ्या. यानं काम थांबवलं, म्हणून गाड्या पोचल्या."

तात्पर्य: काम वाटून घेतलं की झपाट्यानं होतं, पण आपली चूक आपल्या तोंडानं सांगणारा माणूस त्यात असेल, तरच ते तडीस जातं.