गळ्यातली नळी

"मग चुकलं कुठे, मॅडम?"

डॉ. शार्दूल सरनोबतच्या आवाजात काळजीपेक्षा राग जास्त होता.

अतिदक्षता विभागातल्या हमीदाबी बागवान तापाने कुडकुडत होत्या. गळ्याच्या मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून, सेंट्रल लाइनमधून, जंतू रक्तात गेले असावेत अशी शंका होती. ती लाइन शार्दूलनेच टाकली होती.

"टाकताना काय केलं होतंस?" गलगली मॅडमनी विचारलं. त्या विभागप्रमुख. शार्दूल त्यांच्या हाताखाली शिकत होता.

"हात धुतले, गाऊन घातला, कातडी औषधाने पुसली... कसूर म्हणून नाही. माझ्याआधी दोघा डॉक्टरांना जमली नव्हती. मी एका टोचणीत टाकली."

"माहितेय. सुरेख टाकली होतीस."

मॅडम खाटेजवळ गेल्या.

"हमीदाबी, जेवण जात होतं का?"

"परवाधरनं जातंय की. काल सुनेनं खिचडी आणली, ती बी खाल्ली."

मॅडम शार्दूलकडे वळल्या. "लाइनमधून कुठलं औषध, सलाइन चालू होतं?"

"परवापासून... काही नाही."

"मग ती अजून का आहे?"

"असू दे म्हटलं. लागली तर... पुन्हा ती शीर सापडायची नाही."

मॅडमनी गळ्यातल्या नळीकडे बोट केलं.

शार्दूलने मान खाली घातली. रोज राउंडला तो ज्युनिअर मुलांना मुद्दाम याच खाटेशी थांबवायचा, आपण टाकलेली लाइन दाखवायला...

"काढ," मॅडम म्हणाल्या.

त्याने नळी काढली. जागेवर गॉज दाबून उभा राहिला. हमीदाबींनी त्याचं मनगट धरलं.

"डॉक्टर, मी वाचंन न्हवं?"

त्याने मोकळ्या हाताने त्यांचं पांघरूण वर ओढलं.

रक्तात जंतू सापडले. भारी औषधं द्यावी लागली, घरी जाणं लांबलं. मधे एक दिवस तर आशा सोडावी असा आला. पण त्या सावरल्या. सुनेचा हात धरून, हळूहळू चालत घरी गेल्या.

त्यानंतर एका नव्या रुग्णाला लाइनची गरज पडली. मॅडमनी शार्दूललाच बोलावलं.

त्याने सावकाश हात धुतले. गाऊन चढवला, ग्लोव्हज घातले.

"तयार आहे, मॅडम."

"काढणार कधी?"

तो गोंधळला. "अजून टाकली कुठे, मॅडम?"

"म्हणूनच विचारतेय."